पदराआडचा मजकूर

== २२ नोव्हेंबर ==

मी द्वारकाबाई, राहणार सास्तूर, तालुका लोहारा. बोलणार मी, लिहिणार माझी नात वैष्णवी. मला अक्षर येत न्हाय. सही लागली की अंगठा, अन् हल्ली रेशनच्या मशीनला तो अंगठाबी ओळखू येत न्हाय. शेण थापून थापून त्याच्या रेघा गेल्या. वैष्णवी म्हणती, "आज्जे, तुझं बोलणं मी जरा शाळेतलं करून लिहिते." म्हटलं, कर, पण फार शिकलेली करू नको, गावात मला कुणी ओळखणार न्हाय.

हे कशासाठी चाललंय ते आधी सांगते. धाराशिवच्या एका बाईंनी गावकोश काढलाय. कागदाचा न्हाय, मोबाईलवरचा. दर गावाचं एक पान, अन् ते गावातल्याच पोरांनी लिहायचं. सास्तूरचं पान आमच्या वैष्णवीनं घेतलंय. माकणीचं पान तिच्या मैत्रिणीनं, उम्मेहानीनं. आमच्या तालुक्यातनं एकालाच पुढं कायमच्या कामावर घेणार हायत. निकाल डिसेंबर सरता सरता.

अन् त्या निकालाला माझ्या लेकानं, युवराजनं, पोरीचं नशीब बांधून ठेवलंय. परवा जेवताना म्हणाला, "तुझं नाव लागलं तर दोन वर्सं लग्नाचा विषय काढणार न्हाय, कॉलेज पुरं कर. न्हाय लागलं तर उमरग्याचं स्थळ पक्कं." वैष्णवी "बरं" म्हणाली. हातातला घास तसाच हातात.

पान लिहायचं तर त्याच्या खुणा शिकाव्या लागतात. सरावाला म्हणून तिला एक कोरं पान दिलंय, त्याला धूळपाटी म्हणतात. तिथं कायबी लिहा, कुणी रागवत न्हाय. "रोज काय लिहू?" म्हणून ती गालाला हात लावून बसली होती. म्हटलं, माझं लिही. पुढाऱ्यांच्या डायऱ्या असतात, माझी का नको?

== २४ नोव्हेंबर ==

अक्षर येत न्हाय पण खुणा यायला लागल्या. ह्या रांगोळीच्या जातीच्या हायत. मथळा करायचा तर शब्दाच्या अलीकडं दोन जोड्या आडव्या रेघांच्या, अन् पलीकडंबी तेवढ्याच. वर तारीख लिहिलीया तिथं बघा. शब्द ठळक करायचा तर दोन्ही अंगाला वर लटकलेल्या तीन-तीन बारक्या रेघा. यादी करायची तर ओळीच्या आधी चांदणी. अन् दुसऱ्या पानाकडं वाट काढायची तर चौकटी कंस, दुहेरी. ते पान असलं तर शब्द निळा होतो, नसलं तर लाल.

एका अंगाची खूण ऱ्हायली की मात्र गोंधळ. काल तिनं "ज्वारी" ठळक केली अन् पलीकडच्या रेघा विसरली. ज्वारीपासनं पुढं तूर, हरभरा, सगळी ओळच फुगली. तिच्या आधी मला दिसलं. म्हटलं, पोरी, तुझ्या ज्वारीला खत जास्त झालंय. उघडलेलं मिटायचं, एवढाच ह्यातला कायदा.

सास्तूरच्या पानावर "जुनं गाव" हा शब्द लाल दिसतो. म्हंजे त्याचं पान कुणी अजून लिहिलं न्हाय. भूकंपात गेलेल्या माणसांचा आकडा तिला ठळक करायचा होता. मी म्हटलं, नको. आहे तेवढाच ऱ्हाऊ दे. तिनं का म्हणून विचारलं न्हाय.

== २७ नोव्हेंबर ==

उमरग्याहून फोन आला. बोलणारी शांताक्का, मुलाची आई. मुलगा रणधीर, खतं-बियाणांच्या दुकानात कामाला. शांताक्का बचत गटाची अध्यक्ष हाय अन् फोनवरबी सभेत बोलल्यासारखी बोलती. तिचं म्हणणं, मोठ्या माणसानं येऊन घर बघून जावं, म्हंजे येळवशीच्या सणाआधी सुपारी फोडून घेऊ.

मोठं माणूस म्हंजे मी. आमच्या घरात मोठ्या बाईनं सासरचं घर बघितल्याबिगर सुपारी फुटत न्हाय. चुलीपाशी बसायचं, पाणी कुठनं आणतात ते बघायचं, मग होकार. युवराजच्या बहिणीच्या वेळी म्या दोन घरं नाकारली होती.

युवराज म्हणाला, "रविवारी जीपनं जाऊ." निकाल डिसेंबरच्या शेवटाला, अन् हा रविवारी निघालाय! त्याला म्हटलं, शब्द दिलायस की रे पोरीला. तर म्हणतो, "नुसतं बघून यायला काय हुतंय?" बघून यायला काय हुतंय ते मला चांगलं ठाऊक हाय. बघितलं की सुपारी, सुपारी फुटली की मग निकालाला कोण विचारतंय.

आज वैष्णवीनं नवी खूण दाखवली. एक चोच, एक उभी काठी खाली टिंब, अन् दोन आडव्या रेघा. शेवटाला दोन रेघा अन् उलटी चोच. ह्यांच्या मधी लिहिलेलं पानावर दिसतच न्हाय. लिहिणाऱ्यानं आपल्यापुरतं टाचण ठेवायला असती म्हणं. तिनं करून दाखवलं. ओळ खरंच गेली! म्हटलं, हा तर पदर झाला. आता मी "पदर घे" म्हटलं की खूण उघडायची, "पदर काढ" म्हटलं की मिटायची.

पदर घे. माझा गुडघा दुखत न्हाय. आज संध्याकाळपासनं मात्र दुखणार हाय. निकाल लागेपर्यंत दुखणार हाय. जीपमधी बसवणार न्हाय, उमरग्याला जाववणार न्हाय, घर बघणं होणार न्हाय. बघू कशी फुटती सुपारी. पदर काढ.

वैष्णवी लिहिताना हसली. त्या जेवणापासनं पहिल्यांदाच.

== ३० नोव्हेंबर ==

गुडघ्यामुळं रविवार टळला.

पदर घे. लंगडणं सोपं वाटलं होतं, पण लई ध्यान ठेवावं लागतं. आज सकाळी उजवा दुखत होता, दुपारी परसात कोंबडी शिरली म्हणून धावले, अन् परत आले तेव्हा डावा दुखायला लागला. कमल, माझी सून, भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्याबाई, सकाळी उजवा होता." अन् भाकरी तव्यावर टाकली. बास, एवढंच. तिनं नवऱ्याला सांगितलं असतं तर एव्हाना घरात बोंब झाली असती. बोंब न्हाय, म्हंजे सांगितलं न्हाय.

युवराज मात्र बिचारा घाबरलाय. दवाखान्यात चल, फोटो काढू म्हणतो. फोटोत खोटं दिसतं का ते वैष्णवीला विचारलं. दिसतं म्हणाली. म्हणून म्या सांगितलं की मला फोटोच्या मशीनची भीती वाटती. माझा लेक माझं असलं सगळं खरं धरतो. लहानपणीबी धरायचा. पदर काढ.

== ३ डिसेंबर ==

घात झाला.

शांताक्कानं फोन करून युवराजला सांगितलं, "आजींना त्रास कशाला? घर नंतर बघतील. आमीच येतो तुमच्याकडं. येळवशीला तुमच्या शेतात जेवू, तिथंच सुपारी फोडू."

येळवस म्हंजे आमच्याकडं मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी घरदार शेतात जेवायला जातं, गावात कुत्रंसुद्धा ऱ्हात न्हाय. युवराजला म्हटलं, मला शेतापर्यंत चालवणार न्हाय, अन् माझ्याबिगर सुपारी कशी फोडणार? तो म्हणाला, "बैलगाडीत गादी टाकून नेतो तुला. काळजी नको करू." इतक्या मायेनं म्हणाला की माझं तोंडच बंद झालं.

येळवस एकोणीसला. निकाल त्याच्याबी नंतर.

पदर घे. शांताक्का कशी हाय ते सांगते. मागं एकदा एकटीच पोर बघायला आली होती तेव्हा इतकी हसली की तिच्या दातातलं सोनं मला पाठ झालं. पोर शिकतीया म्हटल्यावर "शिकू दे की, शिकू दे की" म्हणाली, अन् लगेच विचारलं, भाकरी येती का. अशा बाईच्या हाताखाली पोरीची पुस्तकं माळ्यावर जायला किती दिवस लागतात? पदर काढ.

एक गोष्ट चांगली झाली. युवराजनं वैष्णवीचा मोबाईल घेऊन तिचं काम बघितलं. तोंडानं काय बोलला न्हाय, पण गावकोश म्हणून जे पान वर दिसलं ते सगळ्या पाव्हण्यांना पाठवून दिलं, "आमच्या मुलीनं केलंय" म्हणून. उमरग्यालाबी. वैष्णवी कावरीबावरी झाली, कारण त्यानं पाठवलं ते सास्तूरचं पान नव्हतंच, हीच धूळपाटी होती. म्हटलं, घाबरतीस कशाला? उघडं ते आपलं साधंच हाय, अन् बाकीचं पदराआड. तिनं मोबाईल पालथा घालून ठेवला.

== ६ डिसेंबर ==

शांताक्काचा फोन, थेट मला. तब्येत कशी, झोप लागती का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "आजी, गुडघा कोणता? उजवा का डावा?"

"डावा," म्हटलं.

"बरं बरं," म्हणाली, अन् किती तरी वेळ हसत ऱ्हायली. दुसऱ्याच्या दुखण्यावर हसती बाई! मनानं जरा अर्धवटच दिसती.

== ९ डिसेंबर ==

रणधीर मोटारसायकलवर आला. आईनं पाठवलंय म्हणून निरगुडीचा पाला अन् तेलाची बाटली दिली. पोरगं दिसायला बरं, बोलायला कमी. माझ्या पाया पडला, उठताना गुडघ्याकडं बघितलं अन् म्हणाला, "आईनं सांगितलंय, दोन्ही गुडघ्यांना लावा, म्हणजे चुकायचं न्हाय."

मी म्हटलं, "बाबा, दुखणारा एकच हाय."

"व्हय आजी," म्हणाला. अन् वैष्णवीनं पाणी आणलं तर ते उभ्याउभ्याच प्यायला अन् गेला.

आईवर गेलंय पोरगं. साधं हाय.

== १२ डिसेंबर ==

आज लिहायला पान उघडलं. लिहायच्या वेळी सगळ्या खुणा उघड्या दिसतात, पदराच्याबी. मी शेजारी बसून बघत होते. दाताच्या सोन्याचा पदर मिटला, उलटी चोच दिसली, अन् तिच्या खाली लगेच आणखी एक चोच, काठी, दोन रेघा. मी म्हटलं, "ए पोरी, हा पदर कुणी घेतला? म्या तर त्या दिवशी शेवटाला काढून टाकला होता."

वैष्णवीनं वाचलं अन् तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"काय लिहिलंय?"

तिनं वाचून दाखवलं. "आजी, हे झाकलेलं दिसतं."

बास एवढंच. नाव न्हाय, गाव न्हाय. पानाचा इतिहास म्हणून एक जागा असती, कुणी कधी काय लिहिलं ते तिथं कळतं म्हणं. तिथं बघितलं तर नावाच्या जागी नुसता आकड्यांचा सर.

मग तिनं खरं सांगितलं. ही खूण फक्त वाचणाऱ्यापासनं झाकती. कुणीबी "संपादन" असं बटण दाबलं की आतलं सगळं ढळढळीत दिसतं. मी म्हटलं, हे तुला ठाऊक होतं? म्हणाली, "व्हय. पण धूळपाटीवर कोण येतंय असं वाटलं. अन् तू बोलायला लागलीस तर थांबवावं वाटंना."

"पूस मग सगळं."

"पुसलं तरी इतिहासात ऱ्हातं, आज्जे. तिथनं मला काढता येत न्हाय."

माझ्या भावाची धूळपाटी म्या बघितलीया. फळीवर धूळ पसरायची, बोटानं गिरवायचं, हात फिरवला की साफ. अन् हिला म्हणं धूळपाटी! धूळ कुठं गेली हिच्यातली?

मी रागावले, लई बोलले तिला. मग ती रडली.

== १३ डिसेंबर ==

डोळ्यापुढनं सगळी माणसं गेली. युवराजनं वाचलं असंल तर? न्हाय, त्याला राग लपवता येत न्हाय, त्याच्या नाकावर दिसतो. धाराशिवच्या बाईंनी? त्या खुणा तपासायला आतला मजकूर बघतात. बघितलं असंल तर म्हणतील, ही पोरगी आज्जीच्या खोट्यात सामील, हिला कसलं काम द्यायचं. का उमरग्याला कुणी? मग तर झालंच. शांताक्का साधी बाई हाय, पण तिच्या कानावर दुसऱ्या कुणी घातलं अन् तिनं युवराजला विचारलं, तर तो दिलेला शब्द मोडंल अन् रागाच्या भरात लग्नाचा दिवसच धरंल. रागात त्यानं एकदा बैल विकलाय.

पुसून उपेग न्हाय. म्हणून उघडंच सांगते, युवराज काय हे पान परत उघडत न्हाय. जो कोण हे वाचतोस त्यानं ऐकावं. खोटं मी बोलले. पोरीचा ह्यात दोष न्हाय, ती फक्त लिहिणारी. तुला बोंब मारायचीच असली तर निकाल लागल्यावर मार. तोवर तोंड मिटून ऱ्हा. हात जोडते.

== १६ डिसेंबर ==

उत्तर न्हाय. दर सकाळी वैष्णवी बघती अन् मान हलवती.

आज तिनं सास्तूरचं पान पुरं करून पाठवलं. जुन्या गावाची वाट शेवटी निळी झाली. तिनंच ते पान लिहिलं, माझ्याकडनं आळीआळीचं विचारून. पेठ कुठं होती, पाशामियाँचं पिंजाऱ्याचं दुकान कुठं, चिंच कुठली. मी सांगत होते, ती चांदण्या लावत होती. जेवली मात्र न्हाय. कमलनं दोनदा ताट वाढून ठेवलं.

युवराजनं नारळ आणला, सुपारी आणली, नवं उपरणं आणलं. माझ्या गाडीत टाकायला गादी उन्हात वाळत घातली. वर येता-जाता विचारतो, "आई, आज कमी हाय का गं?"

== १८ डिसेंबर ==

आज पदराआड उत्तर आलं.

"उद्या येळवशीला शेतात या. गाडीत बसू नका. चालत या."

वैष्णवीनं दोनदा वाचलं. ही धमकी हाय का सल्ला, तिला कळंना अन् मलाबी कळंना. उद्या शेतात कोण कोण असणार? आमची चार माणसं, अन् उमरग्याची. म्हंजे हा माणूस उद्या आमच्यात बसून येळवशीची भज्जी खाणार, अन् आमच्यातला कोण ते मला ठाऊक नसणार.

चालत गेले तर युवराजला सगळं कळणार. गाडीत बसून गेले तर तो जो कोण हाय तो तिथं सगळ्यांपुढं बोलणार. मला सांगायचं असलं तर म्या सांगीन. दुसऱ्याच्या तोंडून माझ्या लेकाला कळायला नको.

कमलला म्हटलं, उद्या आंबिलीचं मडकं कोण घेणार? ती म्हणाली, "दरवर्षी तुमीच घेता." अन् माझ्याकडं बघितलं.

== १९ डिसेंबर, येळवस ==

आज लांबलचक लिहायचंय. वैष्णवी, बोटं मोडून घे.

सकाळी दारात बैलगाडी, त्यात गादी, गादीवर उशी. युवराज मला उचलायलाच आला. म्या पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली, अन् कमलनं आंबिलीचं मडकं माझ्या डोक्यावर दिलं. मी निघाले.

"आई! अगं गुडघा!"

"गुडघ्याला काय झालंय? कधीच काय झालं नव्हतं."

मागं वळले न्हाय. डोक्यावर मडकं असलं की वळता येत न्हाय, हे बरं असतं. पाठीमागं बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, रिकामी गाडी तेवढी माझ्यामागं येत होती. शेतापर्यंत एक शब्द न्हाय. मला त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

शेतात पूजेला कडब्याची कोप, म्हंजे खोपी, उभी केली होती. शांताक्का अन् रणधीर आधीच येऊन बसले होते. मला मडकं घेऊन चालत येताना बघून शांताक्का उठून उभी ऱ्हायली, समोर आली, अन् मडक्याला हात दिला. हळूच म्हणाली, "दोन्ही गुडघे ठीक हायत म्हणायचे."

मडकं सुटायचंच माझ्या हातनं.

कोपीत पांडवांची पूजा झाली, निवद झाला, जेवणं झाली. भज्जी कशी होती ते विचारू नका, माझ्या तोंडाला चवच नव्हती. युवराजचं तोंड तांबडं. त्यानं सुपारीचं ताट पुढं ओढलं. रागानं ओढलं, ताटातला नारळ घरंगळून मातीत गेला. मला वाटलं, संपलं. आता हा फोडणारच.

शांताक्कानं ताटावर हात ठेवला.

"थांबा, दादा. आधी माझं एक ऐका. तुमी धाडलेलं पान मी उघडलं. आमच्या गटाचंबी असंच पान करावं म्हणून ते कसं लिहिलंय बघायला गेले, अन् संपादन दाबलं. आजींचं सगळं वाचलं. त्यात दोनदा लिहून आले ती मीच."

मी मान खाली घातली. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "दाताचंबी वाचलं, बरं का." अन् हसली. सोनं दिसलं.

युवराज मला म्हणाला, "सगळ्या जगाला ठाऊक, मीच तेवढा गाढव. मला फसवलंस, आई."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"विचारायचं तरी होतंस!"

म्या मातीतला नारळ उचलून पदरानं पुसला.

शांताक्का ताटावरचा हात न काढता बोलली. आज सभेतला आवाज नव्हता. "दादा, मला नववीतनं काढलं. माझा गणिताचा हात चांगला होता. मास्तर घरी येऊन सांगून गेले. घरात आज्जी होती, आई होती, दोन चुलत्या होत्या. कुणाचा गुडघा दुखला न्हाय."

रणधीर आईकडं बघतच ऱ्हायला. त्यालाबी हे ठाऊक नसावं.

मग ती वैष्णवीला म्हणाली, "तू ये गं पुढं. तुला काय पायजे?"

अन् तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एवढे दिवस म्या तिच्याकडनं एवढं लिहून घेतलं, पण हे एक विचारलं नव्हतं.

वैष्णवीनं बापाकडं बघितलं. "मला कॉलेजची परीक्षा द्यायचीया. पुढंबी शिकायचंय. गावकोशात नाव लागलं तरी, न्हाय लागलं तरी. पप्पा, ती अट मला कबूल नव्हती. मी भिऊन बरं म्हटलं."

"अन् आमच्या रणधीरचं?"

"ते शिकून झाल्यावर विचारा. तेव्हा कदाचित न्हायबी म्हणीन."

"चालंल," शांताक्का म्हणाली.

रणधीर म्हणाला, "मला तर कुणी विचारतच न्हाय." तेवढ्यात कमलला हसू आलं, तिनं तोंडाला पदर लावला.

युवराजनं ताट बाजूला सारलं. आंबिलीचा तांब्या घेतला अन् शेताच्या कडेनं शिंपडायला एकटाच गेला. दरवर्षी आरोळी देत जातो, बाया-पोरं मागं पळतात. आज गप गेला. ज्वारीच्या मागं दिसेनासा झाला तो लई वेळ आला न्हाय.

== २३ डिसेंबर ==

सुपारी फुटली न्हाय. पण युवराज माझ्याशी बोलत न्हाय, अन् पोरीशीबी न्हाय. जेवतो अन् उठतो. ती परीक्षेचा अभ्यास करती, तो बाहेर जातो. तो होय म्हणाला न्हाय, नको म्हणाला न्हाय. कागदावर ठेवलेल्या निखाऱ्यासारखं घर झालंय.

== २८ डिसेंबर ==

निकाल लागला. आमच्या तालुक्यातनं उम्मेहानीचं नाव लागलं.

वैष्णवी परसात जाऊन बसली. मला वाटलं, आता युवराज बोलणार, झालं तेवढं पुरे, उमरग्याला फोन लाव. त्यानं फोन खिशातनं काढला. काढला, हातात धरला, अन् परत खिशात ठेवला.

संध्याकाळी वैष्णवीनं तोंड धुतलं अन् म्हणाली, "आज्जे, मी माकणीला जाऊन येते, उम्मीला पेढे द्यायचेत." म्हटलं, जा. बापाला म्हणाली, "मोटारसायकलवर सोडता का?" त्यानं चावी घेतली.

== ५ जानेवारी ==

आज लिहिणारा दुसरा हाय. वैष्णवी परीक्षेला धाराशिवला गेली, पेपर संपेपर्यंत तिथंच मैत्रिणीकडं ऱ्हाणार. मी आपली भिंतीला टेकून बसले होते तर युवराज आला, मोबाईल घेऊन. म्हणाला, "पोरीचा फोन आला होता. तुझं लिहून घ्यायला सांगितलंय."

एका बोटानं लिहितो. तारखेला आडव्या रेघा लावायच्या त्याला ठाऊक नव्हतं. म्या शिकवलं. म्हटलं, दोन जोड्या अलीकडं, दोन पलीकडं, अन् मधी तारीख. पहिल्यांदा एकाच अंगाला लावल्या. म्हटलं, अरे, एका बैलानं कुठं औत चालतंय? हसला थोडा. किती दिवसांनी!

लिही: आज सकाळी युवराजनं पोरीला एस.टी. स्टँडवर सोडलं. गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभा होता, असं कमल सांगती.

का रे, काय बोललास तिच्याशी?

"काय न्हाय," म्हणतो.

मग तेच लिही. काय बोलला न्हाय, असं लिही.

बोट थांबलं त्याचं. आता परत चाललंय. मी तर गप बसलीया, अन् हा लिहितोच हाय. चांदणी न्हाय, ठळकची रेघ न्हाय, चोच न्हाय, एकबी खूण दिसंना मला. नुसती अक्षरं. काय लिहितोस रे?

वैष्णवी, स्टँडवर तोंडातनं आलं न्हाय ते लिहितो. पुढच्या वर्षी शिकायचं असलं तर मला विचारू नको. सांग. पेपर नीट लिही. न्यायला मीच येतो. आज्जीला हे वाचून दाखवू नको.